कोळशाची मिल घेताना: कोटेशनच्या आकड्यापलीकडचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत खनिज भाजण्याची फिरती भट्टी आहे. ती आज फर्नेस ऑइलवर चालते आणि आता कोळशाच्या भुकटीवर न्यायची आहे. ताशी ३ टन कोळसा दळावा लागेल, वर्षाला साधारण ६,००० तास. हातात दोन कोटेशनं आहेत: बॉल मिल (फिरत्या पिंपात गोळ्यांनी दळणारी) १.१० कोटी आणि उभी रोलर मिल (फिरत्या टेबलवर रोलखाली दळणारी) १.७५ कोटी. तुम्ही विचारलंय, "६५ लाख जास्त देऊन रोलर मिल घ्यावी का? वीज वाचते म्हणतात, पण किती वर्षांत वसूल होईल?"

मी बरीच वर्षं औष्णिक वीज केंद्रात मिलच्या देखभालीवर होतो आणि नंतर लहान कारखान्यांच्या मिल बघत आलो. उत्तर देण्याआधी तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेतो, कारण ६५ लाखांवर नजर खिळली की खरे मोठे आकडे दिसेनासे होतात.

ताशी ३ टन आणि ६,००० तास म्हणजे वर्षाला १८,००० टन कोळसा. कारखान्यात पोहोचेपर्यंत टनाला ९,००० रुपये पडतात असं धरलं, तर वर्षाचा कोळसा १६.२ कोटींचा झाला. रोज २० तास भट्टी चालली तर दिवसाला ५.४ लाखांचा. दोन मिलच्या किमतीतला फरक म्हणजे बारा दिवसांचा कोळसा. म्हणून यातली कोणती मिल स्वस्त, हे मी शेवटी बघतो. आधी बघतो ते एवढंच, की माझ्या कोळशाचं, माझ्या भट्टीचं आणि माझ्या चालू तासांचं ही मिल काय करणार आहे.

तरीही विजेपासून सुरुवात करू, कारण विक्रेते तिथूनच करतात. मिल, पंखा, सेपरेटर (जाडी भुकटी वेगळी करून परत पाठवणारा) आणि बॅग फिल्टर (भुकटी गाळून धरणाऱ्या पिशव्या) धरून या आकाराच्या बॉल मिलला टनाला ३६ युनिट आणि रोलर मिलला २४ युनिट धरा. विक्रेता नुसत्या मिलच्या मोटरचा आकडा सांगतो आणि पंखा सोडून देतो. रोलर मिलमध्ये भुकटी उचलायला हवा जास्त लागते, त्यामुळे पंखा हिशेबात आला की फरक आटतो. १२ युनिटचा फरक, १८,००० टन, ९ रुपये युनिट: वर्षाला १९.४४ लाख. इथे ९ रुपये मी अंदाजाने घेतले आहेत. तुम्ही महावितरणच्या गेल्या बारा बिलांची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा स्वतःचा दर काढा, म्हणजे डिमांड चार्जही त्यात येतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर येतं. त्यामुळे बॉल मिलच्या मोटरचा पॉवर फॅक्टर खराब असेल, तर तो थेट युनिटमध्ये दिसतो. कपॅसिटर पॅनेलची किंमत कोटेशनमध्ये आहे का, ते पाहा.

आता झीज. बॉल मिलचे गोळे आणि लायनर, म्हणजे आतलं अस्तर, स्वस्त पडतात. गोळे तर फार काही न उघडता वरून भरता येतात. टनाला २५ रुपये धरले तर वर्षाला ४.५ लाख. रोलर मिलचे रोल आणि टेबलचे लायनर महाग, हार्डफेसिंग (झिजलेल्या जागी कठीण धातू चढवणं) धरून टनाला ५५ रुपये, म्हणजे ९.९ लाख. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि बाहेरून बोलवावा लागणारा माणूस यांची वर्षाची तरतूद बॉल मिलला ४ लाख, रोलर मिलला ७ लाख. बेरीज केली तर बॉल मिल वर्षाला ६६.८ लाख खाते आणि रोलर मिल ५५.८ लाख. वर्षाची बचत सुमारे ११ लाख.

१२ टक्के व्याजाने दहा वर्षांची ही बचत आजच्या पैशात आणायची तर ५.६५ ने गुणायचं. उत्तर ६२ लाखांच्या आसपास येतं. जास्तीचे द्यायचे ६५ लाख. थोडक्यात, वीज आणि झीज एवढंच पाहिलं तर दोन्ही मिल जवळजवळ बरोबरीत सुटतात. "दोन वर्षांत पैसे वसूल" असं कोणी सांगितलं असेल तर त्याच्याकडून हाच हिशेब कागदावर मागा.

मग निर्णय कशावर? माझ्या मते भट्टी बंद पडण्याच्या तासावर.

मिल थांबली तर भट्टी थांबवता येत नाही. फिरती भट्टी गार झाली की आतल्या विटा तडकतात आणि पुन्हा तापवण्यात दिवस जातो. तुमच्याकडे फर्नेस ऑइलचा बर्नर आहे. तो विकू नका, तोच तुमचा राखीव. पण तो चालवण्याची किंमत बघा. ५,००० किलोकॅलरीचा ३ टन कोळसा म्हणजे १.५ कोटी किलोकॅलरी. तेवढ्यासाठी ताशी साधारण १.५ टन तेल लागतं. तेल किलोला ४५ रुपये धरलं तर ६७,५०० रुपये तास. कोळसा २७,००० रुपये तास. म्हणजे मिल बंद असलेला प्रत्येक तास तुम्हाला ४०,००० रुपयांना पडतो आणि २० तासांचा एक दिवस आठ लाखांच्या वर.

हा आकडा वरच्या सगळ्या आकड्यांशेजारी ठेवा. रोलर मिलचे रोल वर्षाच्या मध्येच झिजले, ते बदलायला तीन दिवस गेले, तर २४ लाख. दोन वर्षांहून जास्त बचत एका शटडाऊनमध्ये संपली. उलट तेच रोल ६,००० तास टिकले आणि भट्टीच्या विटा बदलायच्या वार्षिक शटडाऊनमध्येच बदलले, तर त्या तीन दिवसांची किंमत शून्य. म्हणून रोलर मिलवाल्याला माझा पहिला प्रश्न विजेचा नसतो. "माझ्या कोळशावर रोल सलग ६,००० तास टिकतील का, आणि हे तुम्ही लिहून द्याल का?"

इथे एक सावधगिरी. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात अमुक मिल वर्षानुवर्षं चालते, म्हणून आपणही तीच घ्यावी, असं आपल्याकडे बऱ्याचदा ऐकू येतं. तिथल्या २१० मेगावॅटच्या एका संचाला अनेक मिल असतात आणि एखादी राखीव धरलेली असते. एक उघडली तरी संच चालत राहतो. तुमची मिल एकुलती एक. तिथला युनिटचा आकडा तुम्हाला उपयोगी पडेल, पण बंद पडण्याची किंमत मात्र तुमची तुम्हालाच काढावी लागेल.

रोल किती टिकतील हे कोळशावर ठरतं आणि कोळसा कोणता घेणार हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. चंद्रपूर-वणी पट्ट्यातला कोळसा घेतला तर राख ३५-४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. कोळसा स्वतः मऊ असतो. रोल खातो तो त्यातला दगड, म्हणजे क्वार्ट्झ आणि पायराइट. एकाच बनावटीचे रोल दोन खाणींच्या कोळशावर दीडपट-दुपटीने वेगळे तास देतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. झिजेचा खर्च दुप्पट झाला तर वरची ११ लाखांची बचत एका लाखावर येते, आणि मधला शटडाऊन वेगळाच. अशा कोळशावर मी डोळे झाकून बॉल मिलकडे जाईन. दगड आला तरी ती दळत राहते, गोळे टाकत राहायचे. शिवाय तुमच्या भट्टीत कोळशाची राख मालातच मिसळते. तुमच्या ग्राहकाला लोह किंवा सिलिका वाढलेली चालत नसेल, तर जास्त राखेचा कोळसा तसाही बाद.

आयात केलेल्या इंडोनेशियन कोळशात राख कमी, त्यामुळे रोल बरेच जास्त टिकतात. पण त्यात दोन दुखणी येतात: ओल आणि आग.

ओलीचा हिशेब करू. २५ टक्के ओल असलेला कोळसा ८ टक्क्यांवर आणायचा तर टनामागे सुमारे १८५ किलो पाणी उडवावं लागतं. गळती वगैरे धरून किलोला ८५० किलोकॅलरी लागतात असं समजा. म्हणजे टनामागे ३१ किलो कोळसा फक्त वाळवण्यात जळतो. वर्षाला साडेपाचशे टनांवर, रुपयांत ५० लाखांच्या घरात. वीज वाचते म्हणून आपण १९ लाखांवर एवढी चर्चा केली आणि हे ५० लाख कोटेशनमध्ये "हॉट एअर जनरेटर, १ नग" एवढ्या ओळीत दडलेले असतात. दोन्ही मिलना हे लागू आहे. फरक इतकाच, की रोलर मिलमध्ये दळताना वाळवणं सोपं जातं, कारण गरम वायू थेट दळणाच्या जागी येतो. बॉल मिलमध्ये फार ओला कोळसा गेला की, ओले गहू टाकल्यावर पिठाच्या गिरणीचं होतं तसंच होतं: आत लगदा, बाहेर काही नाही. तिला आधी वाळवणारा कप्पा हवा.

तुमच्या भट्टीच्या शेपटाकडून जो गरम वायू चिमणीकडे जातो, त्याचं तापमान मोजा. ३०० अंशांच्या आसपास असेल तर तोच वायू मिलला द्या. हे ५० लाख त्यात बऱ्याच अंशी वाचतात. दुसरा फायदा त्याहून मोठा: त्या वायूत ऑक्सिजन आधीच कमी झालेला असतो, त्यामुळे मिलमध्ये स्फोटाचा धोका उतरतो. मध्ये सायक्लोन, म्हणजे वायूतली धूळ वेगळी करणारं यंत्र, टाका, नाहीतर भट्टीची धूळ कोळशात मिसळेल आणि झीज वाढेल. डक्ट, इन्सुलेशन आणि डँपरचा खर्च येईल, पण माझ्या अनुभवात संपूर्ण प्रकल्पात याच्याइतका लवकर वसूल होणारा खर्च दुसरा नाही. दोन्ही विक्रेत्यांकडून भट्टीचा वायू वापरून नव्याने कोटेशन मागवा.

आता आगीबद्दल, आणि हे मनापासून सांगतो. कोळशाची भुकटी हवेत घनमीटरला साधारण ५०-६० ग्रॅमच्या वर गेली आणि ठिणगी मिळाली की स्फोट होऊ शकतो. इंडोनेशियन कोळशात वायुरूप घटक जास्त असल्याने तो लवकर पेटतो. बॅग फिल्टरच्या तळाशी साचलेली भुकटी आपोआप धुमसायला लागते. म्हणून मिलच्या बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान ६५ अंशांच्या आसपास राखायचं, ऑक्सिजन १२ टक्क्यांखाली ठेवायचा, बॅग फिल्टर आणि भुकटी साठवणाऱ्या हॉपरवर कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र, स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झाकणं, अँटिस्टॅटिक पिशव्या आणि आत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडण्याची सोय हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं. स्वस्त कोटेशनमध्ये यातलं निम्मं नसतं. तुमची १.१० आणि १.७५ कोटींची तुलना तरच खरी, जर दोन्हींत ही यादी ओळीने लिहिलेली असेल. यादी जोडल्यावर बॉल मिलचं कोटेशन १५-२० लाखांनी वर गेलेलं मी पाहिलंय. मग ६५ लाखांचा फरक ४५ वर येतो आणि वरचा बरोबरीचा हिशेब रोलर मिलकडे झुकतो. पण पैशासाठी यातलं काही कापू नका. मिलजवळ माणसं काम करतात. इंधन बदलाची नोंद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात करून घ्या आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून आराखड्याची मंजुरी ऑर्डर देण्याआधीच मार्गी लावा. नंतर फाउंडेशन हलवावं लागलं तर तो खर्च कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

भुकटी किती बारीक हवी यावरही बोलायला हवं, कारण इथे गैरसमज फार. बॉयलरवाले २०० मेशच्या चाळणीतून ७० टक्के पार, म्हणजे ७५ मायक्रॉन, असं सांगतात आणि तोच आकडा सगळे मागतात. तुमची भट्टी लांब आहे, ज्वालेला वेळ मिळतो. थोडी जाडी चालू शकते, आणि बारीक दळण्याची प्रत्येक पायरी वीज आणि झीज दोन्ही वाढवते. पण जाडी किती, याची परीक्षा मालावर करा. न जळलेला कार्बन मालात काळे ठिपके म्हणून दिसतो. कोळशातला एक टक्का असाच वाया गेला तर १८० टन, म्हणजे १६ लाख रुपये वर्षाला. विजेच्या सगळ्या बचतीच्या जवळ जाणारा आकडा. म्हणून सेपरेटर फिरता आणि बाहेरून वेग बदलता येणारा घ्या, चालू मिलमध्ये जाडी-बारीक करता आली पाहिजे. यासाठी चार पैसे जास्त गेले तरी द्या.

तुम्ही पहिल्या वर्षी पूर्ण क्षमतेने चालाल का? नवीन इंधनावर जाताना बरेच कारखाने निम्म्यावर चालतात. बॉल मिलची मोटर आतल्या गोळ्यांचं वजन फिरवत असते. कोळसा निम्मा दिला तरी ती वीज जवळजवळ तेवढीच घेते. टनाला ३६ युनिट असलेली मिल निम्म्या भारावर ६५ च्या आसपास जाते. रोलर मिल ३५ पर्यंत जाईल. म्हणजे कोळसा निम्मा होऊनही विजेतला फरक वर्षाला १९ लाखांवरून २४ लाखांवर जातो. उपाय म्हणून लोक म्हणतात, मिल दहा तास पूर्ण भरून चालवू आणि भुकटी हॉपरमध्ये साठवू. वीज वाचते, पण भुकटीचा मोठा साठा हीच आगीची जागा, आणि प्रत्येक वेळी मिल चालू-बंद करताना हवा-कोळशाचं प्रमाण धोकादायक पट्ट्यातून जातं. मी स्वतः हॉपर सहा ते आठ तासांपेक्षा मोठा ठेवत नाही. रोलर मिललाही खालची मर्यादा आहे. भार निम्म्याच्याही खाली गेला की टेबलवरचा थर पातळ होतो आणि मिल हादरायला लागते. त्यामुळे "पुढे वाढवू" म्हणून ताशी ६ टनांची मिल आज घेऊ नका. १५-२० टक्के जादा क्षमता पुरे.

हॅमर किंवा इम्पॅक्ट प्रकारच्या पल्व्हरायझरचं स्वस्त कोटेशनही तुमच्याकडे येईलच. लोखंड लाटणाऱ्या लहान रोलिंग मिलच्या भट्टीला ते चालतं. सलग २० तास आणि राखेचा कोळसा असेल तर हॅमर काही शे तासांत गोल होतात. तुमच्या कामाला तो पर्याय मी विचारात घेणार नाही.

सातपूर-अंबडला हार्डफेसिंग आणि गिअरचं काम करणारी वर्कशॉप मिळतात, हा नाशिककरांचा मोठा फायदा. ऑर्डर देताना रोल आणि लायनरची ड्रॉइंग करारातच मागून घ्या, नाहीतर दहा वर्षं एकाच दुकानाकडून त्याच्या भावाने सुटे भाग घ्यावे लागतील. सुट्या रोलचा एक संच पहिल्याच दिवशी विकत घेऊन ठेवा. चाळीस हजार रुपये तासाच्या शेजारी त्यावरचं व्याज किरकोळ आहे.

तर आता माझा कल. इंडोनेशियन कोळसा, भट्टीचा गरम वायू आणि लेखी ६,००० तास असं जुळलं तर रोलर मिल घ्या. विदर्भातला राखेचा कोळसा असेल, किंवा दर तीन महिन्यांनी मिळेल तिथून कोळसा घ्यायचा असेल, तर बॉल मिल घ्या आणि विजेचा जास्तीचा खर्च निश्चिंतपणाची किंमत म्हणून स्वीकारा. कोळशाचा स्रोत पक्का नसताना रोलर मिल घेणं मला जोखमीचं वाटतं.

पुढच्या आठवड्यात एवढं करा. ज्या कोळशावर तुम्ही खरोखर चालणार आहात त्याचे नमुने एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. ओल, राख, वायुरूप घटक आणि उष्मांक याबरोबर हार्डग्रोव्ह निर्देशांक (कोळसा किती सहज दळला जातो; आकडा जितका जास्त तितका सोपा) आणि घर्षण निर्देशांकही (तो यंत्र किती झिजवतो) करून घ्या. हे शेवटचे दोन नेहमीच्या कोळसा रिपोर्टमध्ये नसतात, वेगळे मागावे लागतात. दोन्ही विक्रेत्यांना तोच रिपोर्ट पाठवा आणि हमी चारही गोष्टींवर एकत्र मागा: इतका हार्डग्रोव्ह, इतकी ओल, इतकी बारीकी असताना ताशी इतके टन. यातली एक जरी सुटी ठेवली तरी विक्रेता तिच्या आडून निसटतो. ५५ हार्डग्रोव्हवर दिलेली क्षमता ४५ च्या कोळशावर मिळत नाही, आणि कागदावर मात्र त्याची मिल बरोबरच असते. विजेचा आकडा मुख्य मीटरवर, पंख्यासकट धरायचा. झिजेची हमी तासांत किंवा टनांत हवी, "सामान्य वापरात एक वर्ष" असली नको.

कामगिरीची चाचणी मार्च-एप्रिलच्या कोरड्या कोळशावर घेऊन मोकळे होऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या पावसातून भिजून आलेले ट्रक उतरतात, बंकरच्या तोंडाशी कोळसा चिकटतो, फीडर उपाशी फिरतो आणि मिलचं तापमान अचानक वर जातं. तुमची मिल कशी आहे ते त्या दिवसांत कळतं. करारात लिहा की चाचणी दोनदा होईल, एक उन्हाळ्यात आणि एक ऐन पावसाळ्यात, आणि शेवटचे १० टक्के पैसे पावसाळ्यातली चाचणी पार पडल्यावरच मिळतील. ज्या विक्रेत्याला ही अट मान्य असेल, त्याच्याशी पुढची बोलणी करा.